लाल जीभ

ऐका. ही गोष्ट आमच्या खैरटोलीची आहे आणि ती सांगताना मान थोडी खालीच जाते.

फार वर्षांपूर्वी, गावात वीजसुद्धा नव्हती तेव्हा, बर्फाच्या डोंगरांपलीकडून काही माणसं आमच्या जंगलाच्या कडेला राहायला आली. ती तिबेटची होती. त्यांचा देश सुटला होता. झाडीत त्यांना जमीन मिळाली, पण तिथे विहीर नव्हती. त्यांच्यात गोंपो नावाचा एक सोंगाड्या होता. येताना बाकीच्यांनी भांडी आणली, देव आणले. त्याने एक ढोल आणला आणि बोकडाच्या केसांची दाढी लावलेला एक मुखवटा आणला. असं म्हणतात, की तो मुखवटा पाहून वाटेतल्या बर्फाला हसू फुटलं आणि वाट मोकळी झाली.

गावच्या तलावाचं पाणी मागायला वस्तीने गोंपोलाच पाठवलं. डोमाजी पाटील तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले होते. गोंपोने टोपी काढली, कमरेत वाकला आणि जीभ बाहेर काढली.

"मले जीभ दाखवतं का बे?" असं म्हणून पाटलांनी त्याच्या मुस्कटात मारली. "या लोकायले तलावावर पाय ठेवू देऊ नका."

त्या दिवसापासून वस्ती नाल्याचं गढूळ पाणी पिऊ लागली. गावाने गोंपोचं नाव विचारलंच नाही. सगळे त्याला जीभकाढ्या म्हणत.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. दुपारी दंडारीचा, नाच-सोंगांचा, खेळ रंगला होता, त्यात गोंपो मुखवटा घालून शिरला. त्याला आपली भाषा येत नव्हती, म्हणून त्याने ती थप्पडच करून दाखवली. घडीत तो पाटील व्हायचा, घडीत गोंपो व्हायचा, आणि दर थपडेला तीन कोलांट्या खायचा. लोक पोट धरून हसले. पाटीलही हसले. असं म्हणतात, की पाळीवरचे बगळेसुद्धा हसता हसता पाण्यात पडले.

"जीभकाढ्या, अजून एकदा!" लोक ओरडले.

त्याला चिवडा मिळाला, मुरमुरे मिळाले. पाणी मिळालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नाल्याच्या पाण्याने वस्तीत हगवण लागली आणि गोंपोची चार वर्षांची भाची पेमा गेली. गावाला हे कळलं होतं. तरी मंडईत तो दिसला तेव्हा लोकांनी तीच थप्पड मागितली, आणि त्याने ती केली. त्या वर्षी गाव आणखी जास्त हसलं, असं म्हणतात.

तिसऱ्या मंडईपर्यंत गोंपो आपली भाषा शिकला होता. त्या दिवशी त्याने मुखवटा काढून हातात धरला.

"आमच्याकडे एक राजा होता," तो म्हणाला. "लय दुष्ट. त्याची जीभ काळी. तो मेला. मग लोक म्हणाले, हा पुन्हा जन्म घेईल, तर ओळखायचा कसा? म्हणून आम्ही मोठ्या माणसाला भेटलो की जीभ दाखवतो. बघा मालक, लाल आहे. माझ्या मनात वाईट नाही."

सवयीने काहीजण हसले. पण पाटलांची म्हातारी आई उठून उभी राहिली.

"डोम्या," ती म्हणाली, "थो तुले रामराम करत होता रे. तू त्याले मारलं. अन् आपण तीन वर्स हासलो."

काळ्या जिभेच्या माणसाला आमच्या गावातही सगळे भितात. तो वाईट बोलला की ते खरं होतं, असं मानतात. एकेक करून सगळ्यांचे हात तोंडावर गेले. वाजंत्री थांबली. पाटील उठून गोंपोसमोर आले आणि त्यांनी पागोटं काढलं, पण त्यांचं तोंड उघडेना. खूप वेळाने त्यांनी जीभ बाहेर काढली. असं म्हणतात, की ती पिकल्या जांभळासारखी काळी पडली होती. पुढे बसलेल्या सगळ्यांनी ती पाहिली.

गोंपोने जवळ जाऊन ती नीट निरखली.

"लाल आहे, पाटील," तो म्हणाला. "चांगली लाल आहे."

तेव्हा मात्र कुणीही हसलं नाही.

पाटलांनी स्वतः तलावातून घागर भरली आणि खांद्यावर घेऊन वस्तीत नेली. ती त्यांनी पेमाच्या आईसमोर ठेवली. तिने पाणी घेतलं, पण वर पाहिलं नाही.

गोंपोला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अजून मंडईच्या दिवशी, दंडार सुरू होण्याआधी, गावची आणि वस्तीची माणसं पाळीवर समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना जीभ दाखवतात. लहान मुलं खिदळतात, त्यांना कुणी रागवत नाही. समोरच्याने पाहून म्हणायचं, "लाल आहे." त्या दिवशी घराघरातले आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असतात. आपली जीभ आपण पाहायची नाही. समोरचा म्हणेल ते ऐकून घ्यायचं आणि खाली मान घालून त्याच्या दारात भरलेली घागर ठेवून यायची.