टिकलीची पहिली साल

एक होतं करडू. एवढंसं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. ती राहायची शेवंताकाकूच्या गोठ्यात.

काकू दर उन्हाळ्यात कैरीचा मुरंबा करायची. पहिल्या कैरीची साल कोणाला? गोठ्यातल्या सगळ्यात धाकट्याला. यंदा धाकटी कोण? टिकलीच की.

टिकली वाट बघत बसली. साल काही येईना. मग निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. गेली काकूकडे.

"काकू काकू, मला साल मिळेना."

काकूच्या अंगठ्याला चिंधी. सुरी लागली होती. समोर साल काढायच्या यंत्रांची दोन चित्रं.

काकू म्हणाली, "आता सुरीने नाही बाई. विजेचं यंत्र आणणार. पण लाल आणू की निळं? दुकानातल्या रज्जाकभाईंनी सांगितलं तर सोलीन."

लाल की निळं? टिकलीला काही कळेना. ती निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. गेली भाईंकडे.

"भाई भाई, काकू सोलेना, मला साल मिळेना."

भाई म्हणाले, "लाल यंत्र बटाटा सोलतं. निळं पण बटाटा सोलतं. कैरीचं मला काय ठाऊक? झाडाने कैरी दिली तर लावून बघीन, मग सांगीन."

बटाटा कुठून आला मध्येच? टिकलीला काही कळेना. ती निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. गेली झाडाकडे.

"झाडा झाडा, भाई सांगेना, काकू सोलेना, मला साल मिळेना."

झाड म्हणालं, "मला का हात आहेत कैरी तोडायला? वाऱ्याने हलवलं तर देईन."

हात नाहीत, मग एवढ्या फांद्या कशाला? टिकलीला काही कळेना. ती निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. गेली वाऱ्याकडे. वारा ओट्यावर लोळत होता.

"वाऱ्या वाऱ्या, झाड कैरी देईना, भाई सांगेना, काकू सोलेना, मला साल मिळेना."

वारा म्हणाला, "झाड घराच्या मागे, मी घराच्या पुढे. घरातून जाऊ म्हटलं, तर खिडकी बंद. काकूने खिडकी उघडली तर वाहीन."

पुढे की मागे? टिकलीला काही कळेना. ती निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. आली पुन्हा काकूकडे.

"काकू काकू, वारा वाहीना, झाड कैरी देईना, भाई सांगेना, काकू सोलेना, मला साल मिळेना. काकू, खिडकी उघड."

काकू म्हणाली, "अगं, माझी चित्रं उडतील. यंत्र ठरलं की उघडीन."

"यंत्र कधी ठरेल?"

"भाईंनी सांगितलं की."

"भाई कधी सांगतील?"

टिकलीला काही कळेना. आता काकूलाही काही कळेना.

टिकलीला आलं रडू. मग आला राग. तिने डोकं खाली घातलं. होता नव्हता तेवढा जोर आणला. आणि खिडकीला दिली ढुशी. धाडकन!

खिडकी उघडली. वारा वाहिला, सूं सूं सूं. चित्रं उडाली. झाड हललं. कैरी पडली, धप्प! टिकलीने ती तोंडात धरली. खाल्ली नाही हं, नुसती धरली. पुढे टिकली, टुकुटुकु. मागे काकू, लगालगा. गेल्या भाईंकडे.

भाईंनी कैरी लाल यंत्राला लावली. टुण्ण! कैरी उडाली, भाईंच्या टोपीवर आपटली. कैरीचं नाक असतं वाकडं. बटाट्याला कुठे असतं नाक? मग भाईंनी ती निळ्या यंत्राला लावली. कैरी घट्ट बसली.

"निळंच घ्या, शेवंताताई," भाई म्हणाले.

भाईंनी सांगितलं. काकूने बटण दाबलं. घुर्रर्र घुर्रर्र. साल निघाली. लांब. आणखी लांब. आणखी आणखी लांब.

"ही आमच्या टिकलीची," काकू म्हणाली.

सालीचं एक टोक यंत्रावर, एक टोक टिकलीच्या तोंडात. मचमच मचमच. आई गं, केवढी आंबट! टिकलीचे डोळे मिटले. कान हलले. शेपटी उडाली. आणि तिने घेतला आणखी एक घास.

मुरंबा गेला बरणीत, साल गेली टिकलीच्या पोटात, आता तुम्ही शिरा पांघरुणात.