माळ्याचे सहा झरोके

“...ते सगळं कळलं बाबा, पण झरोके बंद करू की उघडे ठेवू, तेवढं सांगा.”

धनंजय उरकुडे हे तिसऱ्यांदा विचारत होता. चंद्रपूरचा मे महिना, सकाळचे अकरा. तकियातल्या, म्हणजे फकिराच्या मठीतल्या, कडुनिंबाखाली गनीबाबा आपल्या चपलेचा तुटका अंगठा शिवत बसले होते.

फकिरी घेण्याआधी गनीबाबांनी चाळीस वर्षं कौलारू छपरं केली. धनंजय त्यांच्या हाताखाली तीन वर्षं होता. मग तो नागपूरला जाऊन नवी विद्या शिकला आणि परत आला तो बाबांनाच चार गोष्टी समजावू लागला. असले शहाणे मी पुष्कळ पाहिलेत. खोटं कशाला बोलू, मीही त्यांतलाच.

पण त्या दिवशी त्याचा आवाज पार उतरला होता.

“घर कोणाचं?” बाबांनी विचारलं.

“सुषमाताईचं. माझ्या बहिणीचं. उद्या दुपारी ती बाळाला घेऊन घरी येते. सातव्या महिन्यात झालं, बाबा. महिनाभर काचेच्या पेटीत होतं, आता कुठं पावणेदोन किलोचं झालंय. डॉक्टर म्हणाले, याला उन्हाची झळ लागता कामा नये. लागली तर काय, ते नाही बोलले.”

बाबांची सुई थांबली.

“छप्पर कोणी केलं?”

“मी.”

“मग मला काऊन विचारतोस?”

...

धनंजयनं घाम पुसला.

“तुम्ही शिकवलं, माळा मोकळा ठेवा, तापलेली हवा झरोक्यांतून जाऊ द्या. नागपूरला शिकवलं, कौलांखाली थर्माकोल बसवा, झरोके बुजवा, माळाही खोलीसारखा गार ठेवा. एसीची गार हवेची नळी माळ्यातून जाते. म्हणून मी नागपूरचं केलं.”

“बुजवले झरोके?”

“नाही. सहाही उघडे ठेवले.”

“काऊन?”

“तुमचंच खरं निघालं तर... म्हणून.”

बाबा हसले नाहीत. मी असतो तर हसलो असतो.

“माळ्यात बसलास?”

गनीबाबांच्या हाताखालच्या मिस्त्र्यांची ही रीत आहे. घराची चावी देण्याआधी छप्पर करणाऱ्यानं भर दुपारी माळ्यात एकट्यानं बसायचं, तांब्याभर पाणी पिऊन संपेपर्यंत. धनंजयला ही रीत अडाणीपणाची वाटायची.

“माळ्यात मीटर ठेवलंय, बाबा. मोबाइलवर आकडा दिसतो.”

“किती आहे?”

“सकाळपासून पाहिला नाही.”

“काऊन?”

“भीती वाटते.”

बाबा उठले. एक चप्पल पायात, एक हातात, अशीच त्यांनी वाट धरली.

घरी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. बाळाच्या खोलीत नवा पाळणा टांगलेला, त्यावर हिरवी झालर. एसी सकाळपासून घरघरत होता. खोली गार नव्हती, नुसती कोमट होती.

बाबांनी तांब्या भरून धनंजयच्या हातात दिला. मग देवळीतली एक उदबत्ती पेटवून तीही दिली.

“चढ.”

“बाबा, मला कळलंय, वर काय असेल ते.”

“मग चढ.”

तो शिडीवरून माळ्यात गेला. बाबांनी खालून झाकण लावून घेतलं.

पुढचं धनंजयनं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना दोनदा थांबला. म्हणाला, आधी वाटलं, पाच मिनिटांत उतरू. मग कान गच्च झाले. कानशिलं ठणकायला लागली. तांब्यातलं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं ऊन झालं. एवढा ऐंशी किलोचा मी गडी, मला श्वास पुरेना, आणि एकदम खालचा पाळणा आठवला. वाटलं, हे मी केलंय. माझ्या हातानं.

तेवढ्यात त्याचं लक्ष उदबत्तीकडे गेलं.

एसीची नळी जिथं खाली खोलीत उतरते, तिथं सांध्याला बोटभर फट होती. फटीतून गार हवा येत होती. धूर तिच्यासोबत सरळ उत्तरेच्या झरोक्यांकडे निघाला आणि बाहेर उन्हात गेला. दक्षिणेच्या तीन झरोक्यांतून गरम वारा बिनदिक्कत आत येत होता.

तांब्या संपायच्या आतच त्यानं झाकण ठोठावलं. बाबांनी ते लगेच उघडलं नाही. रीत चुकवायला पाणी ओतून दिल्याचा आवाज आला का, ते ऐकत होते म्हणे.

खाली उतरला तेव्हा त्याचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता.

“सांधा लिंपतो. झरोके आजच बंद करतो. सगळे.”

“कर.”

“म्हणजे नागपूरचं खरं?”

“नळी माळ्यात आहे ना?”

“आहे.”

“मग या घरात तेच खरं.”

“आणि तुमचं?”

“मी केलेल्या घरांत नळी नव्हती.”

धनंजयला जरा धीर आला. त्यानं थर्माकोलचे उरलेले तुकडे काढले, हातोडी शोधली, खिळे तोंडात धरले.

घरघर थांबली.

दोघांनी वर पाहिलं. एसीचा दिवा विझला होता. वीज गेली होती. त्या दिवसांत दुपारची रोजच जायची, कधी तासभर, कधी तीन.

वरून, झाकणाच्या फटीतून, उष्मा खाली उतरताना कळत होता.

धनंजयनं तोंडातले खिळे हातावर घेतले.

“खिळे ठोकले असते तर हा सगळा उष्मा खालीच उतरला असता.” त्यानं पाळण्याकडे पाहिलं. “बाबा, मला फार भीती वाटतेय.”

“हं.”

“खिळे नको. लाकडी झडपा करतो, कडीच्या. वीज आहे तोवर घट्ट बंद. गेली की सहाही उघडायच्या, तापलेला माळा मोकळा करायचा. आली की पुन्हा बंद. चालेल?”

“चालेल.”

“संध्याकाळपर्यंत होतील.” तो भराभर लाकडं मोजू लागला आणि मध्येच थबकला. “पण वर चढणार कोण? ताईच्या पोटाला टाके आहेत, ती शिडी चढू शकत नाही. दाजी खाणीत, पहिल्या पाळीला. दुपारी घरात ती आणि बाळ, दोघंच...”

बाबा ओट्यावर बसून, शेवटचा टाका घालून चपलेचा अंगठा ओढून पाहत होते.

“आणि माझी तर उद्या पहाटेची नागपूरची गाडी आहे. तिथं एक मोठं छप्पर सुरू होतंय. लोक थांबलेत. सांगा ना बाबा, झडपा कोण उघडणार?”

...

बाबांनी दुसरी चप्पल पायात घातली.

“बहिणीला फोन लाव,” ते म्हणाले, “आणि विचार, तुझं अंथरूण कुठं घालायचं.”