काटेकुंपणातलं तळं आणि हलका ग्रंथ

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या काळी ग्रंथ वाचत नसत, तोलत असत.

एका राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाची रीतच तशी होती. शेवटच्या वर्षी प्रत्येक शिष्याने एक ग्रंथ लिहायचा. भरदरबारात तो तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा. काटा मध्ये आला की तेवढा गूळ शिष्याच्या गावाला मिळायचा. मग काय विचारता! ग्रंथ बाळसं धरू लागले. याच्यातली चार पानं उचल, त्याच्यातली दहा उतरव, असा कारभार. एका पठ्ठ्याने तर आपल्या ग्रंथाला सागवानी फळ्यांची बांधणी केली. गावाने गूळ मिटक्या मारत खाल्ला. ग्रंथ मात्र आजतागायत कोणी उघडलेला नाही.

या विद्यापीठात हरिदत्त नावाचा एक तरुण शिकत होता. हुशार, मेहनती आणि जरा भाबडा. त्याचं गाव दोन टेकड्यांपलीकडे होतं. गावाला लागूनच एक सुंदर तळं होतं, पण त्याला चहूबाजूंनी काटेरी कुंपण. पाणी विषारी आहे, असं मोठमोठ्या ग्रंथांत लिहिलेलं होतं, म्हणून राजानेच हे कुंपण घालायला लावलं होतं. गावच्या बायका दोन्ही टेकड्या ओलांडून नदीवरून पाणी आणत. हरिदत्तची आईही त्यांतच. पहाटे निघायची ती ऊन चटकायला लागल्यावर परतायची, आणि मान चोळत चुलीपाशी बसायची.

गावातली एक म्हैस कुंपणाच्या फटीतून आत शिरून रोज पोटभर पाणी प्यायची. दिवसेंदिवस ती गुबगुबीत होत चालली होती. पण लोक म्हणत, "तिचं काय घेऊन बसलात! अडाणी जनावर. तिला कुठं ठावं, पाणी विषारी आहे ते!"

हरिदत्तने ग्रंथासाठी विषय घेतला तो राज्यातल्या पाणवठ्यांचा. ग्रंथ एवढा जाडजूड झाला की उचलायला दोघे लागले. तो घेऊन तो गुरुमाईंकडे गेला. गुरुमाई म्हणजे विद्यापीठातल्या सगळ्यात वयोवृद्ध आचार्या. वाचताना फुटाणे खायची त्यांना सवय होती, आणि फुटाणा चावायचा थांबला की काहीतरी चुकलंय, हे शिष्य ओळखत.

मधल्याच एका पानावर फुटाणा थांबला.

"हरिदत्ता, हे तुमच्याच गावचं तळं ना रे?"

"हो, गुरुमाई. अतिशय विषारी."

"तू प्यायलायस ते पाणी?"

"छे! प्यायलो असतो तर हा ग्रंथ कोणी लिहिला असता? पण सात ग्रंथांचा आधार दिलाय. बघा ना."

"तू सातांचा आधार घेतलास. त्या सातांनी कोणाचा घेतला?"

हे बघायचं असतं, हेच हरिदत्तला कधी सुचलं नव्हतं.

गुरुमाईंनी आणखी थोडी पानं उलटली आणि त्या खुदकन हसल्या. "इथे तू म्हणतोस, या तळ्यात जीव म्हणून जगत नाही. आणि इथे पाकशास्त्राच्या पोथीतून उतरवलंयस, की या तळ्यातले मासे फार चविष्ट! बाळा, ही दोन पानं एकमेकांशी भांडतायत, आणि तू दोघांना एकाच पंगतीत बसवून वाढत सुटलायस. भांडण सोडवायचं कोणी?"

हरिदत्तचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवसापासून तो ग्रंथालयात ठाण मांडून बसला.

सगळ्यात नव्या ग्रंथात लिहिलं होतं, की तळ्यावरून उडणारा पक्षीही मरून पडतो. त्याने आधार दिला होता त्याच्या आधीच्या ग्रंथाचा. तिथे पक्षी नव्हते, नुसती गुरं मरत होती. त्याच्याही आधीच्या ग्रंथात गुरं नव्हती, पाणी तेवढं विषारी होतं. प्रत्येक पंडिताने आपल्या पदरचा थोडा मीठमसाला घातला होता. मूळ ग्रंथ मात्र पहिला पंडित सोडला तर कोणीच उघडला नव्हता. मागच्याने उघडला असेलच, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

शेवटी सर्वांत जुनी पोथी सापडली. धूळ झटकून त्याने वाचलं: 'दोर वळण्याचा वाख काढण्यासाठी अंबाडी कुजत घातली असता, तेवढे दिवस या तळ्याचे पाणी विषारी होते.' त्या पहिल्या पंडिताने वाक्याचा शेवट तेवढा उचलला होता. अंबाडी गळून पडली, विष उरलं!

हरिदत्त नाचतच गुरुमाईंकडे गेला. "सापडलं! तळं चांगलं आहे!"

"कशावरून?"

"सगळ्यात जुनी पोथी तसं म्हणते!"

"म्हणजे काल सातांवर भरवसा, आज एकावर. अरे, त्या पंडिताने त्याच्या काळचं पाणी पाहिलं. आजचं कोण पाहणार?"

हरिदत्तने गाठोडं बांधलं आणि गावी गेला. म्हाताऱ्यांना विचारलं, तर कित्येक वर्षांत तळ्यात कोणी अंबाडी घातलीच नव्हती. नदीतले मासे आणून त्याने तळ्याच्या पाण्यात ठेवले. ते मजेत राहिले. म्हशीच्या मागे तर तो सावलीसारखा फिरला. आणि मग एका सकाळी तो स्वतः ओंजळभर पाणी प्यायला. आई शेजारी देवाचं नाव घेत उभी होती.

"कसं वाटतंय रे पोटात?" ती सारखी विचारायची.

"भूक लागलीय, आई."

विद्यापीठात परतून त्याने पुन्हा लिहायला घेतलं. जे पारखलं नव्हतं ते काढून टाकलं, जे दुसऱ्याचं होतं ते त्याच्या नावावर लिहिलं. ग्रंथ उरला एवढासा, काखेत मावेल असा. त्याने गावच्याच तळ्यापुरतं लिहिलं होतं.

आणि ग्रंथ तोलायच्या दिवशी गूळ न्यायला गावाहून बैलगाड्या आल्या, हलगी वाजवत! गावातून पहिल्यांदाच कोणी पंडित होत होता. सर्वांत पुढे हरिदत्तचा मामा. भाच्याच्या काखेतला ग्रंथ बघून तो मटकन बसला.

"अरं, एवढ्याशासाठी इतकी वर्षं शिकलास व्हय? तीन गाड्या आणल्यात आम्ही!"

सोबत्यांनी हरिदत्तला बाजूला ओढलं. "जुनी पानं आहेत ना? जोड की मागे. वाचतंय कोण?"

हरिदत्तने ती पानं हातात घेतली. मामाचा चेहरा बघवत नव्हता. पण त्या पानांत उडते पक्षी मरत होते, गुरं मरत होती. ती पुन्हा जोडली तर कुंपण तसंच राहणार आणि आई टेकड्या चढत राहणार. त्याने पानं खाली ठेवली. फार वाईट वाटलं त्याला, पण ठेवली.

ग्रंथ पारड्यात ठेवला. समोर गुळाचा मुठीएवढा खडा पडताच काटा मध्ये आला. दरबारात हशा पिकला. मामाने रागारागाने तो खडा तिथेच कडाकडा खाऊन टाकला.

तेवढ्यात गुरुमाई उठल्या. "महाराज, ग्रंथ हलका आहे, तर वाचायलाही वेळ लागणार नाही. एकदा ऐकून तर घ्या."

राजाला गंमत वाटली. आजवर कोणी ग्रंथ ऐकवलाच नव्हता. हरिदत्त वाचू लागला. जुनी पोथी काय म्हणते, पुढच्यांनी काय गाळलं, आपण स्वतः काय पाहिलं. हसणं हळूहळू थांबलं. शेवटचं वाक्य होतं, 'पावसाळ्यात पाणी गढूळ होते, तेव्हा ते पिण्याजोगे राहते की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.'

राजा चकित झाला. "ग्रंथात 'ठाऊक नाही' असं लिहितोस?"

"महाराज, तेही खरंच आहे."

राजा मनापासून हसला. "जो न कळलेलं लपवत नाही, त्याच्या कळलेल्यावर मी विश्वास ठेवतो." त्याने स्वतःच्या हाताने हरिदत्तला शाल पांघरली. तळ्याचं कुंपण काढायचा हुकूम सुटला, आणि तिथे अंबाडी कुजवायला बंदी झाली. विद्यापीठाचा तराजू बाजारात गेला. तिथे तो कांदे तोलू लागला आणि त्याचं भलं झालं. तेव्हापासून ग्रंथ ऐकले जाऊ लागले, आणि ऐकणारे प्रश्न विचारू लागले.

कुंपण निघालं त्या सकाळी हरिदत्तची आई घागर घेऊन बाहेर पडली आणि चुलीवरचं दूध उतू जायच्या आत परत आली. मग ती गोंधळली. अख्खी सकाळ शिल्लक! एवढ्या वेळाचं करायचं काय? शेजारणीही दारात उभ्या राहून एकमेकींकडे बघून हसत होत्या.

ती गावी परतलेल्या हरिदत्तजवळ येऊन बसली. "हरी, मला वाचायला शिकव."

"आता, आई? या वयात?"

"मग! शहाण्यांनी आणखी काय काय लिहून ठेवलंय, ते एकदा बघते तरी."

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, सात जणांनी लिहिलं म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही. तिच्या मुळाशी जावं, पारखून घ्यावं, आणि जेवढं पारखलं तेवढंच लिहावं.