काढ्यातले दूध

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य विद्या शिकत होता. वैद्यांची औषधे तुरट आणि जीभ त्याहून तुरट! शिष्य मात्र मऊ मनाचा. कोणाचे वाकडे झालेले तोंड त्याला बघवत नसे.

गावातला तेलाचा व्यापारी अतिसाराने अंथरुणाला खिळला. वैद्यांनी डाळिंबाच्या सालीचा काढा सांगितला आणि तो रोज पाजण्याचे काम शिष्याकडे दिले. पहिल्याच घोटाला व्यापारी ओरडला, "अरे, हे औषध आहे की शिक्षा?" शिष्याला दया आली. दुसऱ्या दिवसापासून तो काढ्यात गुपचूप दाट दूध घालू लागला. व्यापारी खूश! "गुरूपेक्षा चेल्याच्या हाताला गुण आहे," असे येईल त्याला सांगू लागला. ते ऐकून शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढे.

गुण मात्र काही येईना. व्यापाऱ्याचे डोळे खोल गेले, उठून बसायचे त्राण उरले नाही. त्याची बायको रडत वैद्यांकडे आली. "वैद्यबुवा, काढा तर ते अगदी आवडीने घेतात हो!"

"आवडीने?" वैद्य चमकले.

त्यांनी शिष्याला बोलावले. त्याने दूध घातल्याचे कबूल केले, पण ते रागावले नाहीत. त्याच्या ओंजळीत निव्वळ काढा ओतून म्हणाले, "जिभेवर धर." शिष्याची जीभ आक्रसली, गाल आत ओढले गेले. मग वैद्यांनी त्याच काढ्यात दूध घालून दिले. या खेपेला जिभेला काहीच झाले नाही.

"तुरटपणा कुठे गेला?"

"दुधाखाली झाकला गेला, गुरुजी."

"झाकला नाही रे, खर्ची पडला. तुरट रसाचा धर्मच धरण्याचा. जे आधी भेटेल, त्याला तो धरतो. त्याने आतड्याला धरावे म्हणून आपण तो देतो. तू वाटेतच त्याच्या हाती दूध दिलेस, तो दुधालाच धरून बसला. बाळा, तुझी दया खोटी नव्हती. पण रोग्याचे तोंड सांभाळताना तू रोगी विसरलास."

शिष्याने निव्वळ काढा पेल्यात ओतून घेतला. तो तडक व्यापाऱ्याच्या घरी निघाला. वाटेत त्याने पुष्कळ गोड शब्द जुळवले, दारात पोचल्यावर मात्र ते सगळे सोडून दिले.

"काका, चूक माझी आहे. तुम्ही मला चांगले म्हणावे म्हणून मी औषधात दूध घातले आणि त्याचा गुण घालवला."

व्यापारी पडल्या पडल्या नाही नाही ते बोलला. शिष्याने सारे ऐकून घेतले आणि निव्वळ काढ्याचा पेला पुढे केला. एक घोट घेऊन व्यापारी केविलवाण्या स्वरात म्हणाला, "थोडं तरी दूध घाल रे."

"नाही, काका."

पण पेला रिकामा होईपर्यंत शिष्य त्याचा हात हातात घेऊन बसला. हळूहळू व्यापारी उठून बसू लागला.

आपल्या माणसाला खरे सांगताना आपण त्यात किती दूध घालतो, ते ज्याचे त्याने पाहावे.