केवडीचा शंख

त्या किनाऱ्यावरचा प्रत्येक खेकडा उघडा जन्माला येई, आणि दुसऱ्या कुणीतरी मागे ठेवलेल्या शंखात राही. पाठ लोण्यासारखी मऊ, त्यामुळे शंखावाचून निभाव लागणं अशक्य. वर आभाळात कुरव पक्षी टपलेले, खाली ऊन तापलेलं. नावसुद्धा खेकड्याचं नसे, शंखाचं असे. पट्टेवाल्या शंखात राहणारा तो पट्टेरी, खडबडीत शंखातली ती खरबरी. शंख बदलला की नाव बदललं, आणि ज्याच्या अंगावर शंखच नाही त्याला नावही नाही. त्याला सगळे नुसतं ‘उघडं’ म्हणत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जग असंच चालायचं, असं म्हणत आणि आपापलं शेवाळ खात.

किनाऱ्याच्या टोकाला एक काळा खडक होता. त्याच्या माथ्यावरच्या डबक्यात एक म्हातारे गुरुजी समुद्र शिकवत. भरती कधी चढते, प्रवाह कुठून कुठे जातात, पाण्याचा रंग बदलला की काय समजायचं, हे सगळं तिथे शिकायला मिळे. जे शिकले ते प्रवाहाबरोबर दूरदूरच्या किनाऱ्यांवर गेले. जे शिकले नाहीत ते याच पुळणीवर लाटेने टाकलेलं उष्टं खात राहिले आणि समुद्राला घाबरत राहिले.

वर यायला गुरुजींची कुणालाही ना नव्हती. ते कुणाचं कूळ विचारत नसत. पण तो चढ! ज्याचं सगळं अंग शंखात नीट मावेल तोच वर पोचे. अंग जराही बाहेर राहिलं की उन्हाने करपायचं, नाहीतर कुरवाच्या चोचीत जायचं. आणि कोवळ्या वयात अंग तर रोज वाढतं, शंख काही वाढत नाही. म्हणजे दार सताड उघडं आणि वाट बंद, अशी ती गंमत होती. गंमत कसली, थट्टाच म्हणा.

म्हणून खडकाच्या पायथ्याशी रांग लागे. सगळ्यांत पुढे सगळ्यांत मोठा, त्याच्या पाठीला धरून त्याहून लहान, असं करत करत शेवटी अगदी बारकं पोर. प्रत्येकाला आपला शंख तंग झालेला आणि प्रत्येकाचा डोळा पुढच्याच्या शंखावर. कुठून एखादा मोठा रिकामा शंख आला की पहिला त्यात शिरे, दुसरा पहिल्याच्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या. सगळं दोन लाटांच्या मधे उरकायचं. याला तिथे ‘रांग सरकणं’ म्हणत. पण शंख यायचे क्वचित, आणि रांग उभ्याउभ्या वाळायची.

केवडी म्हणजे त्या किनाऱ्यावरची एक म्हातारी. तिचा शंख फिकट पिवळा, केवड्याच्या पानाच्या रंगाचा, मोठा आणि अभंग. असा शंख दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पण तो तिला मिळाला तेव्हा फार उशीर झाला होता. कोवळ्या वयात तीही त्याच रांगेत उभी होती. रांग सरकली नाही, आणि एका उधाणाने तिला उचलून पार लांब नेऊन टाकलं. परत येईपर्यंत तिच्या नांग्या कडक झाल्या होत्या, शिकायचं वय निघून गेलं होतं. तेव्हापासून ती रोज खडकाखाली येऊन बसे. वरून गुरुजींचा आवाज येई, पण तिच्यापर्यंत येईतो त्याची नुसती गुणगुण होई. एक शब्द म्हणून कळत नसे. तरी ती बसे. इतकं वाटे तिला त्या आवाजाबद्दल की कधीकधी खायचंही भान राहत नसे.

त्या वर्षी रांगेच्या अगदी शेवटी एक उघडं पोर येऊन उभं राहिलं. अंगावर काहीच नाही. कुरव आला की ते पुढच्याच्या पोटाखाली दडे, गेला की पुन्हा आपल्या जागी. केवडीने त्याला बोलतं केलं.

“काय गं, उन्हात मरायचंय का? जा, वाळूत लपून बस.”

“लपले तर नंबर जाईल ना, आजी.”

“आणि वर जाऊन करणार काय एवढं?”

“आई समुद्राला घाबरून मेली,” ते म्हणालं. “मला बघायचंय, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे ते.”

उधाणाला आता थोडेच दिवस राहिले होते. उधाण आलं की रांगेतले तंग शंखवालेही वाहून जात, मग या उघड्या जिवाची काय कथा! केवडीने मनाशी ठरवलं की या पोरीला मी वर पाठवणार.

तेवढ्यात किनाऱ्यावर एक सोहळा झाला, तोही सांगायला हवा. राजशंख नावाचा एक बडा खेकडा होता. त्याच्याजवळ स्वतःचा सोडून आणखी एक भलाथोरला शंख जादा पडून होता. तो त्याने खडकाला देऊन टाकला. वाहवा झाली, भाषण झालं, ते सबंध ओहोटीभर चाललं. अट एवढीच होती की शंखाला ओरखडा जाता कामा नये. म्हणून तो खडकाच्या कपारीत, तोंड भिंतीकडे करून, पक्का चिकटवण्यात आला. येणारे-जाणारे बघत, नवल करत. रांगही बघत होती, दुसरं काय करणार! रांग तसूभरही हलली नाही, पण राजशंखाला त्या दिवशी शांत झोप लागली.

केवडीने नाक मुरडलं. दान असं लांबून करायचंच कशाला? त्या किनाऱ्याची रीतच होती की ज्याला द्यायचं त्याच्या हातात द्यावं आणि त्याच्या तोंडावरचा आनंद बघावा. दुसऱ्या दिवशी तिने त्या पोरीला एका दगडाआड नेलं, आपल्या शंखातून बाहेर आली आणि म्हणाली, “शीर आत. आजपासून हा तुझा.”

पोरीचा विश्वास बसेना. ती आत शिरली आणि दिसेनाशीच झाली. आत तिच्यासारख्या कितीतरी मावल्या असत्या. धरायला काही नाही, टेकायला काही नाही. एक साधी लाट आली. शंख गडगडला, पोरगी आत इकडून तिकडे आपटली आणि तिसऱ्या कोलांटीला बाहेर फेकली गेली. कुरव वाटच बघत होता. केवडी तशीच उघडी धावली आणि पोरीवर पालथी पडली म्हणून जीव वाचला. पण पोरीचा एक पाय गेला तो गेलाच.

हे सगळं कालवबाबाने पाहिलं. हा खडकाच्या पायथ्याला जन्मभर चिकटून बसलेला एक कालव होता. रांगेची शिस्त तोच राखायचा, जागचा न हलता, नुसत्या तोंडाने.

“केवडे, अक्कल गहाण टाकलीस का गं?” तो ओरडला. “पोरगी केवढी, शंख केवढा! प्रेम आलं म्हणून माप बघायचं नाही?”

केवडी शंखात परत शिरत होती. “माझ्याकडे हाच आहे,” ती म्हणाली. “लहान कुठून आणू?”

“लहान आणायचा नाहीच. हाच दे, पण रांगेला दे.”

“रांगेला? म्हणजे तो पुढे उभा आहे त्या मुसळ्याला? तो आडदांड, त्याने कधी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. त्याचं माझं नातं काय?”

“काही नाही.”

“मग?”

“मग काय! मुसळ्या हलला तर खरबरी हलेल. खरबरी हलली तर तिच्या मागचा हलेल. शेवटी सगळ्यांत बारका शंख रिकामा पडेल, तो तुझ्या पोरीच्या मापाचा असेल.”

“नक्की?”

खोटं बोलायची कालवबाबाला सवय नव्हती. “नक्की कसं सांगू? मधे कुणी घाबरून आपला जुना शंख धरून बसला तर रांग तिथेच अडते. तसं झालेलं आहे. पुढच्यांना मिळतं, मागचे राहतात. आणि तुला ते दिसायचंही नाही, बाई. शंख ठेवलास की तुला खडकाच्या बुडाशी आहे त्या फटीत तोंड घालून बसावं लागेल, पाठ झाकायला दुसरी जागा नाही. कुणाला काय मिळालं हे कळेलच असं नाही. नाव जाईल ते वेगळंच.”

केवडी त्या दिवशी शेवाळाला शिवली नाही. शंख जाण्याचं तिला तितकं काही नव्हतं. पण ज्या पोरीसाठी जीव तुटतो तिच्या पदरात पडलं की नाही, हेच कळणार नसेल तर? या वयात आणखी एक न संपणारी वाट बघायची? वाट बघण्यातच तर सगळा जन्म गेला होता. तिला रागही आला, मुसळ्याचा, कालवबाबाचा, त्या मुक्या खडकाचासुद्धा. मग तिने रांगेच्या शेवटाकडे पाहिलं. पोरगी उरलेल्या पायांवर तोल सावरत पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली होती.

उधाणाच्या दिवशी, पाणी फुगायला लागलं तेव्हा, केवडी रांगेच्या तोंडाशी आली. मुसळ्याच्या समोर थांबली.

“घे,” ती म्हणाली. “आणि लवकर कर. उगीच बघत बसू नकोस.”

मुसळ्या बघतच राहिला. “आजी, पण तुम्ही...”

“माझं मी बघते. तुझ्या मागे लोक खोळंबलेत.”

ती बाहेर आली. म्हातारी पाठ वाऱ्याला लागताच तिला थंडी भरली. सरपटत तिने फट गाठली आणि आत तोंड खुपसून बसली. मागे शंखांचा खडखडाट सुरू झाला. खट्, खट्, खट्. रांग सरकत होती! आणि मग एकाएकी आवाज थांबला. कुणीतरी ओरडलं, “अरे सोड ना!” कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, “आणि पुढचा शंख मला बसलाच नाही तर? मी काय करू?” तेवढ्यात मोठी लाट आली. तिच्या दणक्यात पुढचं काहीच कळलं नाही. लाट ओसरली तेव्हा पायथ्याशी सामसूम होती.

“कालवबाबा,” तिने फटीतूनच हाक मारली. “काय झालं? पोरगी गेली का वर?”

कालवबाबाने लाटेचा दणका बसताच कालवांच्या धर्माप्रमाणे तोंड घट्ट मिटलं होतं. आता उधाण उतरेपर्यंत तो बोलणार नव्हता. केवडी, म्हणजे आता जिला नाव नव्हतं ती म्हातारी, एकटी राहिली. तिला रडू आलं, आणि आजूबाजूला कुणी नसल्यामुळे तिने ते आवरलं नाही.

रडं ओसरल्यावर तिच्या ध्यानात आलं की काहीतरी नाही. सतत कानाशी असणारं काहीतरी आज नाही. मग तिला उमगलं. शंखात समुद्र घुमतो. जन्मभर ती ज्या घरात बसून ऐकत होती त्याचीच घूं-घूं तिच्या कानात भरलेली असायची. आता घर नव्हतं, घूं-घूं नव्हती. वरून, माथ्यावरच्या डबक्यातून, गुरुजींचा आवाज स्पष्ट, शब्दन् शब्द, खाली येत होता. शिकवायला बसण्याआधी ते हजेरी घेत होते.

“केवडी!”

तिचं तोंड आपोआप उघडलं. पण वरून एक जाडाभरडा, जरा कापरा आवाज आला, “आहे.”

“मुसळ्या!”

एका मुलीचा आवाज म्हणाला, “आहे.” आणि कुणीतरी हसलं.

“खरबरी!”

“आहे, गुरुजी.”

नावं सगळी जुनी, तिच्या ओळखीची, आणि प्रत्येक नावामागचा आवाज नवा. कुणी ठसक्यात बोलत होतं, कुणी आपलंच नाव पहिल्यांदा उच्चारल्यासारखं अडखळत होतं. “पट्टेरी” म्हटल्यावर मात्र बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धापा टाकत कुणीतरी म्हणालं, “आहे. आलो, आत्ताच आलो.” तिने श्वास सोडला. पुढे नावं लहान लहान शंखांची होत गेली, आवाजही बारीक होत गेले.

फटीत पाणी शिरलं. ते तिच्या मऊ पाठीला लागलं. तिने अंग चोरलं, पण ती जागची हलली नाही.

“तिळी!” गुरुजींनी हाक दिली. तो रांगेतला सगळ्यांत बारका शंख होता.

उत्तर आलं नाही.

“तिळी! कोण आहे तिळी?”

वर कुजबुज झाली. “अगं, बोल ना,” कुणीतरी म्हणत होतं. “इकडेतिकडे काय बघतेस? तूच ती!”

“मी?” एक चिमुकला आवाज म्हणाला. आणि मग, साऱ्या खडकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “आहे! आहे, गुरुजी! मी आहे!”