शिंपिणीची अळी कोणी नेली?

बागेत होती एक शिंपीण. अंगठ्याएवढं पाखरू. पानं शिवून घर करायची.

घरात पिल्लू. चोच उघडी. "आई, अळी."

शिंपीण गेली लिंबोणीवर. भुर्र भुर्र. अळी नाही. कालही नव्हती.

"लिंबोणी लिंबोणी, अळी दे ना."

"कोवळं पान नाही, तर अळी कुठली? ओल नाही गं. मातीला विचार."

भुर्र भुर्र.

"लिंबोणी पान देईना,
अळी काही मिळेना,
पिल्लू माझं उपाशी.
माती माती, ओल दे ना."

"ओल राहील कशी? ऊन भाजतंय. माझं पांघरूण नेलं. पाचोळ्याला बोलव."

पाचोळा होता गोणीत. भुर्र भुर्र.

"माती ओल देईना,
लिंबोणी पान देईना,
अळी काही मिळेना,
पिल्लू माझं उपाशी.
पाचोळ्या पाचोळ्या, बाहेर ये ना."

"येऊ कसा? तोंड बांधलंय. मावशीला सांग."

सुगंधामावशी बाग झाडत होती. खर्र खर्र.

"पाचोळा बाहेर येईना,
माती ओल देईना,
लिंबोणी पान देईना,
अळी काही मिळेना,
पिल्लू माझं उपाशी.
मावशी मावशी, गोणी सोड ना."

"आत्ता सोडेन गं बाई. पण गणपुले आजोबा खेकसतात. त्यांना गप्प कर."

आजोबा बाकावर बसले होते. पोरांना सांगत होते, "आमच्या वेळी इथे दयाळ शीळ घालायचा. सातभाई कचाकचा भांडायचे. आता एक पाखरू येत नाही."

मोठी माणसं अशीच. आधी पाखरांना घालवायचं, मग आठवण काढत बसायचं.

भुर्र भुर्र.

"मावशी गोणी सोडेना,
पाचोळा बाहेर येईना,
माती ओल देईना,
लिंबोणी पान देईना,
अळी काही मिळेना,
पिल्लू माझं उपाशी.
आजोबा आजोबा, गप्प बसा ना."

"छे. कचरा नको. बाग कशी चकाचक हवी."

शिंपीण म्हणाली, "पाखरं येत नाहीत, म्हणता ना? तुमच्या गोणीत गेली."

आजोबा गप्प.
मावशीने गोणी सोडली.
पाचोळा पसरला. सळसळ सळसळ.
मातीत ओल राहिली.
लिंबोणीला पान आलं.
पानावर अळी आली. गुबगुबीत.
पिल्लाने चोच मिटली. गट्ट.

आजोबांनी चप्पल काढली. पाचोळ्यात पाय टाकला. चर्र चर्र. लहानपणी व्हायचं, तस्संच.

लांबून शीळ आली. दयाळाची.

एक पिवळं पान आजोबांच्या टकलावर पडलं. टप.

मावशी झाडू घेऊन आली.

आजोबा म्हणाले, "राहू दे."