घंटेचं कारण

रुग्णालयाचे प्रशासक रणदिवेसाहेब माणसांपेक्षा आलेखांवर जास्त विश्वास ठेवायचे. एका दुपारी त्यांनी संगणक विभागातल्या ऋजुताला केबिनमध्ये बोलावलं. तिने डेटाबेसमधून वॉर्डातल्या घंटांच्या नोंदी काढून पिव्होट टेबल, म्हणजे मोजणीचा तक्ता, आणि त्यावरून खांबांचा आलेख केला होता. कुठल्या नर्सच्या पाळीत रुग्ण किती वेळा घंटा वाजवतात, ते त्यात दिसत होतं. शेवंता सिस्टरांचा खांब सगळ्यांत उंच होता.

"यांच्या पाळीत रुग्णांचे फार हाल होतात," साहेब बदलीचा कागद पुढे ओढत म्हणाले. "यांना औषधांच्या गोदामात पाठवतो."

"थांबा साहेब, एक रकाना राहिलाय." ऋजुताने 'घंटेचं कारण' ओढून टेबलात टाकलं, तसे खांबांत रंग भरले. दुखणं, सलाईन, पाणी हे सगळ्यांकडे सारखंच होतं. शेवंता सिस्टरांच्या खांबावर मात्र भलामोठा पिवळा पट्टा चढला: 'विशेष काही नाही'.

"म्हणजे काम नसताना बोलावतात?" साहेब भडकले. "हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय!"

"साहेब, तुमच्याकडेही दिवसभर माणसं येतात ना?"

"बाहेर रांग लागते!"

"त्यांतलं कोण काही काम नसताना, नुसतं तुम्हाला भेटायला येतं?"

साहेबांनी पिवळ्या पट्ट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी बदलीचा कागद फाडून टाकला. ऋजुता जायला उठली, तसे ते हळूच म्हणाले, "बसा ना जरा. चहा सांगतो. तसं विशेष काही नाही."